रिकामा संदर्भ आणि शिळा संदर्भ: भोसरीतील एका टाइम ऑफिसच्या मॅक्रोचे प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यातील हे प्रकरण आहे. कारखान्याचे, ठेकेदारांचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही. मॅक्रोतील, म्हणजे एक्सेलची कामे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधील, दोष आणि त्याचा क्रम मात्र तपशीलवार मांडला आहे, कारण एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिणाऱ्या कोणाच्याही हातून तो जसाच्या तसा घडू शकतो.

या कारखान्यात ९ ठेकेदारांमार्फत सुमारे २३० कामगार कामाला येतात. महिना संपला की प्रत्येक ठेकेदार हजेरीची एक्सेल फाइल पाठवतो. टाइम ऑफिसमधील, म्हणजे हजेरीचा हिशेब ठेवणाऱ्या विभागातील, ज्येष्ठ कारकून, ज्यांना सारा कारखाना काका म्हणतो, ते या सगळ्या फाइलींमधील शीट एका वर्कबुकमध्ये आणून ठेवतात आणि प्रत्येक शीटला ‘ठे०१’ ते ‘ठे०९’ असे नाव देतात. त्याच वर्कबुकमध्ये सर्व कामगारांची मास्टर यादी असते. मॅक्रो त्या यादीतील एकेक कामगार घेतो, त्याच्या ठेकेदाराचे शीट गाठतो, पहिल्या कॉलममध्ये त्याचा टोकन नंबर शोधतो आणि उजवीकडच्या पाचव्या कॉलममधील ओव्हरटाइमचे तास उचलून पगारपत्रकात ठेवतो. प्रत्येक ठेकेदाराचे टोकन नंबर स्वतंत्रपणे १ पासून सुरू होतात, ही एरवी क्षुल्लक वाटणारी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

ओव्हरटाइमचा मोबदला दुप्पट दराने द्यायचा असतो आणि पगार ७ तारखेच्या आत व्हावा लागतो. त्यात गुरुवारची साप्ताहिक सुट्टी मध्ये आली की टाइम ऑफिसच्या हातात जेमतेम चार दिवस उरतात. मूळ मॅक्रो लिहिणारा इंजिनिअर नोकरी सोडून गेलेला होता, त्यामुळे अडचण आली की ज्याला थोडेफार समजते तो त्यात हात घालत असे.

पुढचे समजण्यासाठी एक बाब आधी सांगायला हवी. मॅक्रोच्या भाषेत आकड्याचे व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची नाव दिलेली जागा, जाहीर केले की त्यात आपोआप शून्य असते आणि मजकुराच्या व्हेरिएबलमध्ये रिकामा मजकूर असतो. ऑब्जेक्ट व्हेरिएबलचे, म्हणजे वर्कबुक, वर्कशीट किंवा रेंज या प्रकारच्या व्हेरिएबलचे तसे नसते. त्यात वस्तू नसते, वस्तूचा पत्ता, म्हणजे संदर्भ, असतो. ‘सेट’ या शब्दाने तो पत्ता देईपर्यंत त्यात ‘नथिंग’ असते, आणि पत्ताच नसलेल्या वस्तूकडून काही मागितले की एरर क्रमांक ९१ येतो: ‘ऑब्जेक्ट व्हेरिएबल ऑर विथ ब्लॉक व्हेरिएबल नॉट सेट’.

समस्या

जुलैचा पगार करताना, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, नेमका हाच एरर आला. महिन्याच्या शेवटी रुजू झालेला एक कामगार मास्टर यादीत होता, पण ठेकेदाराच्या शीटमध्ये नव्हता. ‘फाइंड’ ही पद्धत शोध अयशस्वी झाल्यावर एरर देत नाही; ती शांतपणे ‘नथिंग’ परत करते. एरर येतो तो पुढच्या ओळीवर, जेव्हा मॅक्रो त्या न सापडलेल्या सेलच्या उजवीकडचा पाचवा सेल मागतो. मॅक्रो थांबला, तो अडला ती ओळ पिवळी दिसली आणि संध्याकाळचे सहा वाजून गेले होते.

त्या वेळी मदतीला आलेल्या एका सहकाऱ्याने मॅक्रोच्या अगदी सुरुवातीला ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ घातली. एरर आला तर ती ओळ सोडून पुढे जा, असा तिचा अर्थ. मॅक्रो शेवटपर्यंत धावला, पगारपत्रक तयार झाले, सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. या प्रकरणातील हा पहिला निर्णयाचा क्षण. मॅक्रो खरे तेच सांगत होता: एक कामगार सापडत नाही. ते सांगणेच बंद करण्यात आले.

सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या दिवसांत, एक कामगार पगाराची चिठ्ठी घेऊन टाइम ऑफिसमध्ये आला. तो आपले ओव्हरटाइमचे तास खिशातल्या छोट्या डायरीत रोज टिपून ठेवत असे. डायरीत १८ तास होते, चिठ्ठीवर ४. काकांनी ठेकेदाराचे शीट उघडून पाहिले, तर तिथेही १८ होते. मग पगारपत्रक उघडले, आणि त्या कामगाराच्या ओळीसह लागोपाठच्या १९ ओळींत ४ हाच आकडा दिसला. कोणी नुसती नजर टाकली असती तरी तो खटकला असता. पण मॅक्रो विनातक्रार पूर्ण झाला म्हणून नजर टाकण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती. या टप्प्यावर लेखाधिकारी मॅडमनी मला बोलावले.

तपासात काय निघाले

न सापडलेल्या प्रत्येक कामगारासाठी ‘फाइंड’ ने ‘नथिंग’ दिले होते. तास उचलणाऱ्या ओळीवर एरर ९१ येत होता, तो गिळला जात होता आणि ‘तास’ या आकड्याच्या व्हेरिएबलमध्ये शेवटच्या सापडलेल्या कामगाराचे ४ तास तसेच पडून राहत होते. पुढची ओळ तेच ४ पगारपत्रकात लिहीत होती.

पण हे १९ जण शीटमध्ये असूनही सापडले का नाहीत, हा खरा प्रश्न होता. ते सगळे दुसऱ्या पाळीचे होते आणि त्यांची हजेरी ठेकेदाराने आपल्या मशीनमधून उचलून चिकटवली होती; त्यामुळे त्यांचे टोकन नंबर मजकूर म्हणून आले होते आणि प्रत्येकाच्या शेवटी एक मोकळी जागा होती. मागील महिन्यांतही तसेच असायचे, आणि तरी ते सापडायचे.

“काका, त्या दिवशी मॅक्रो चालवण्याआधी शोधाच्या खिडकीत काही बदललं होतंत का?” असे मी विचारले.

“सकाळी एकाचा नंबर शोधत होतो. चार टाकलं की चौदा, चोवीस सगळे यायला लागले. म्हणून ते पूर्ण सेल जुळवायचं टिक केलं,” असे त्यांनी सांगितले. त्यात त्यांचे काहीही चुकले नव्हते. ‘फाइंड’ ला काही बाबी स्पष्ट सांगितल्या नाहीत, तर ते आधीच्या शोधातील बाबी वापरते. संपूर्ण सेल जुळवायचा की त्यातील भाग, कशात शोधायचे, कोणत्या क्रमाने शोधायचे, हे सगळे लक्षात ठेवले जाते आणि ते शोधाच्या खिडकीशी सामाईक असते. काकांनी सकाळी केलेली टिक दुपारी मॅक्रोलाही लागू झाली.

याची दुसरी बाजू अधिक चिंताजनक होती. भाग जुळवण्याच्या पद्धतीत ४ शोधल्यावर १४ ही चालतो, मग इतकी वर्षे हिशेब बरोबर कसा येत होता? शीट टोकन नंबरच्या चढत्या क्रमाने लावलेली असत आणि शोध वरून खाली जात असे, त्यामुळे ४ नेहमी १४ च्या आधी सापडत असे. बरोबर उत्तर केवळ क्रमामुळे येत होते. शीटमध्ये ४ ची ओळ नसती, तर १४ चे तास ४ च्या नावावर गेले असते आणि व्हेरिएबल ‘नथिंग’ आहे का या तपासणीने ते कधीच पकडले नसते, कारण व्हेरिएबलला पत्ता मिळालेला असता, फक्त चुकीच्या घराचा.

पहिली दुरुस्ती

पगाराच्या कामात मदतीला एक प्रशिक्षणार्थी मुलगी होती, हुशार आणि चिकाटीची. ‘नथिंग’ तपासण्याचे काम मी तिच्याकडे दिले आणि तिने केलेले प्रयत्न नीट पाहिले. ते इथे सांगतो, कारण या वाटेने जाणारा जवळजवळ प्रत्येक जण याच खड्ड्यांतून जातो.

तिने प्रथम ‘सेल बरोबर नथिंग’ अशी तुलना बरोबरच्या चिन्हाने केली. ती चालत नाही. मॅक्रो सुरू होण्याआधीच ‘इनव्हॅलिड यूज ऑफ ऑब्जेक्ट’ असा संदेश येतो. बरोबरचे चिन्ह किमती जुळवते, आणि इथे किंमत नाही, संदर्भ जुळवायचा आहे. त्यासाठी ‘इज’ हा शब्द आहे. मग तिने ‘इजऑब्जेक्ट’ हे फंक्शन वापरून पाहिले. नावावरून ते नेमके याच कामाचे वाटते, पण ते फक्त व्हेरिएबलचा प्रकार सांगते. त्यात ‘नथिंग’ असले तरीही उत्तर ‘ट्रू’ च येते. ‘टाइपनेम’ या फंक्शनने मात्र रिकाम्या व्हेरिएबलसाठी ‘नथिंग’ हा शब्द मिळतो आणि तपास करताना तो उपयोगी पडतो, तरी रोजच्या कोडसाठी सरळ रूप एकच आहे: ‘इफ नॉट सेल इज नथिंग देन’, म्हणजे सेल ‘नथिंग’ नसेल तर.

हे रूप मिळाल्यावर तिने एकाच ओळीत दोन अटी जोडल्या: सेल ‘नथिंग’ नसावा आणि त्याच्या उजवीकडच्या पाचव्या कॉलममधील तास शून्याहून जास्त असावेत. वाचायला ही अट अतिशय स्वाभाविक आहे. पण मॅक्रोच्या भाषेत अटी जोडणाऱ्या ‘अँड’ च्या दोन्ही बाजू नेहमी तपासल्या जातात. डावी बाजू खोटी ठरली म्हणून उजवी सोडून दिली जात नाही. व्हिज्युअल बेसिक डॉट नेटमध्ये त्यासाठी ‘अँडऑल्सो’ आहे, एक्सेलच्या मॅक्रोत तसे काही नाही. म्हणून सेल ‘नथिंग’ असतानाच उजव्या बाजूवर एरर ९१ येतो, म्हणजे ज्या संकटापासून वाचायचे तेच ओढवून घेतले जाते.

आणि वर ‘रिझ्यूम नेक्स्ट’ चालू होते. अटीच्या ओळीवरच एरर आला, तर ‘पुढच्या ओळीवर जा’ याचा अर्थ त्या ‘इफ’ च्या आतली पहिली ओळ असा होतो. अट खरी नव्हती, ती तपासून पूर्णही झाली नव्हती, आणि तरी आतले काम केले गेले. हे मी तिला एकेक ओळ चालवून दाखवले तेव्हा ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मला स्वतःलाही ही गोष्ट प्रथम कळली तेव्हा एका पूर्ण दिवसाचा तपास करावा लागला होता.

शेवटी दोन अटी एकात एक अशा वेगळ्या ‘इफ’ मध्ये गेल्या, ‘फाइंड’ ला संपूर्ण सेल जुळवण्याचे स्पष्ट सांगितले गेले, शोधण्याआधी टोकनच्या कॉलममधील मोकळ्या जागा काढण्याची सोय झाली आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला ‘तास’ शून्य करण्यात आले. १९ कामगारांचा फरक काढून देण्यात आला. ‘रिझ्यूम नेक्स्ट’ मात्र वर तसेच राहिले, कारण ते काढले तर आणखी कुठे काय थांबेल याची लेखा विभागाला धास्ती होती आणि मी ती मान्य केली. तो निर्णय माझा होता आणि तो चुकला.

दुसऱ्यांदा चूक, वेगळ्या वाटेने

ऑक्टोबरमध्ये सप्टेंबरचा पगार झाला. दसऱ्याच्या तयारीमुळे त्या महिन्यात ओव्हरटाइम भरपूर होता. पगारानंतर दोन दिवसांनी ‘ठे०६’ चा एक कामगार टाइम ऑफिसमध्ये आला आणि म्हणाला, “काका, मी पंधरा दिवस गावाला होतो. मला एकतीस तास ओटी कसा काय लागला?” जास्त पैसे मिळालेला माणूस स्वतःहून सांगायला आला म्हणून हे उघडकीस आले, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

तपासल्यावर दिसले की ‘ठे०६’ च्या सर्व २२ कामगारांना ‘ठे०५’ च्या कामगारांचे तास लागले होते. आणि या वेळी ‘इज नथिंग’ ची तपासणी जागेवर होती, बरोबर लिहिलेली होती, आणि तिच्या मते सर्व काही ठीक होते.

झाले होते ते असे. काकांनी ‘ठे०६’ चे नवे शीट वर्कबुकमध्ये आणले तेव्हा त्याच नावाचे जुने शीट तिथे होते, म्हणून एक्सेलने नव्या नावापुढे कंसात २ जोडला. मग जुने शीट काढून टाकले गेले. ‘ठे०६’ या नेमक्या नावाचे शीट आता उरलेच नव्हते. मॅक्रोने ते मागितले तेव्हा एरर ९ आला, म्हणजे त्या नावाचे काही नाही. तो गिळला गेला. ‘सेट’ ची ओळ अर्धवट राहिली, आणि ‘सेट’ अयशस्वी झाले की व्हेरिएबल ‘नथिंग’ होत नाही. त्यात जे होते तेच राहते. त्यात ‘ठे०५’ चे शीट होते. पुढे प्रत्येक टोकन त्या शीटमध्ये शोधला गेला, आणि प्रत्येक ठेकेदाराचे नंबर १ पासून सुरू होत असल्यामुळे तो सापडलाही.

‘फाइंड’ आणि ‘वर्कशीट्स’ यांतील हा फरक मी आधी पुरेसा गांभीर्याने घेतला नव्हता. ‘फाइंड’ किंवा दोन रेंजचा सामाईक भाग देणारे ‘इंटरसेक्ट’ काही मिळाले नाही तर ‘नथिंग’ देतात, त्यामुळे ‘सेट’ पूर्ण होते आणि व्हेरिएबल खरोखर रिकामे होते. नावावरून वर्कशीट किंवा वर्कबुक मागणे, किंवा ठरावीक प्रकारचे सेल निवडणारे ‘स्पेशलसेल्स’ वापरणे, काही मिळाले नाही तर एरर देते आणि ‘सेट’ होतच नाही. पहिल्या प्रकारात ‘इज नथिंग’ ही तपासणी खरे उत्तर देते. दुसऱ्या प्रकारात ती मागच्या फेरीचे शिळे उत्तर देते.

प्रशिक्षणार्थीने एक योग्य शंका काढली. “सर, पण शीटचं व्हेरिएबल मी लूपच्या आतच डिक्लेअर केलंय. दर फेरीला ते नवीन व्हायला नको का?” अनेक भाषांत तसे होते. इथे होत नाही. व्हेरिएबल जाहीर करणारी ‘डिम’ ही चालणारी ओळ नाही. ती कुठेही लिहिली तरी व्हेरिएबल प्रोसीजर, म्हणजे मॅक्रोचा तो भाग, सुरू होताना एकदाच तयार होते आणि लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, फेऱ्यांनी त्याच्या आतले पुसले जात नाही. आम्ही पाच ओळींचा एक वेगळा मॅक्रो लिहून हे पडताळून पाहिले.

विचारात घेतलेले पर्याय

आता घाई करायची नाही असे लेखाधिकारी मॅडमनी ठरवले, आणि आम्ही एक दुपार केवळ पर्यायांवर घालवली.

एक मार्ग म्हणजे ‘रिझ्यूम नेक्स्ट’ पूर्ण काढून टाकायचे आणि पहिल्याच विसंगतीवर मॅक्रोला थांबू द्यायचे. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने हा सर्वांत स्वच्छ मार्ग. अडचण अशी की थांबलेल्या मॅक्रोची ती खिडकी काकांच्या कामाची नाही. ते ‘एंड’ दाबणार, आणि तसे केले की मॉड्यूलच्या (मॅक्रोचा कोड ठेवायच्या पानाच्या) पातळीवरची सर्व ऑब्जेक्ट व्हेरिएबल पुन्हा ‘नथिंग’ होतात. मग मॅक्रोचे दुसरे बटण दाबताच वेगळ्याच ठिकाणी एरर ९१ येणार.

दुसरा मार्ग: गिळणे ठेवायचे, पण केवळ एका ओळीपुरते. आधी शीटच्या व्हेरिएबलला स्वतः ‘नथिंग’ द्यायचे, मग ‘रिझ्यूम नेक्स्ट’ चालू, मग ‘सेट’, लगेच ‘ऑन एरर गोटू झिरो’ ने ते बंद, आणि मग तपासणी. हा प्रचलित आणि योग्य मार्ग आहे. पण त्यातली पहिली ओळ विसरली की दोष जसाच्या तसा परत येतो, आणि ही ओळ बाहेरून निरर्थक दिसत असल्यामुळे पुढे कोणीतरी ती साफसफाईच्या नावाखाली काढून टाकण्याची शक्यता फार.

तिसरा मार्ग: शीट शोधण्यासाठी वेगळे फंक्शन लिहायचे. ते वर्कबुकमधील प्रत्येक शीटचे नाव तपासते, जुळले तर ते शीट परत देते, नाही जुळले तर काहीच देत नाही, म्हणजे ‘नथिंग’ देते. यात एरर येतच नाही, म्हणून गिळण्याचा प्रश्न नाही. शिवाय फंक्शनचे परत द्यायचे मूल्य प्रत्येक वेळी ‘नथिंग’ पासूनच सुरू होते, त्यामुळे मागच्या फेरीचे काही त्यात शिल्लक राहूच शकत नाही. दहा-बारा शीटवर फिरायला वेळही लागत नाही.

मॅडमनी चौथी सूचना केली की मॅक्रोऐवजी सूत्रेच का वापरू नयेत. तंतोतंत जुळणी मागितली असेल आणि मूल्य सापडले नाही, तर शोधण्याचे ‘व्हीलुकअप’ हे सूत्र निदान एरर तरी दाखवते. सूचना रास्त होती, आणि एकच शीट असते तर मी ती स्वीकारली असती. नऊ शीट, दर महिन्याला बदलणाऱ्या ओळी आणि पगारपत्रकाचा ठरलेला नमुना यांमुळे ती बाजूला राहिली. आम्ही तिसरा मार्ग घेतला.

खरा वाद मात्र वेगळ्याच प्रश्नावर झाला: कामगार किंवा शीट सापडले नाही हे कळल्यावर मॅक्रोने करायचे काय? सप्टेंबरच्या दुरुस्तीत आम्ही शून्य लिहीत होतो. काकांनी त्यावर बोट ठेवले. “शून्य म्हणजे त्यानं ओटी केला नाही. पण आपल्याला तर माहीतच नाही, केला की नाही.” हे वाक्य पूर्ण प्रकरणात मला सर्वांत मोलाचे वाटते. शून्य हेही एक उत्तर आहे, आणि ते देण्याचा अधिकार ‘नथिंग’ सापडलेल्या मॅक्रोला नाही. तो सेल कोराच राहिला पाहिजे आणि तो कोरा का आहे हे कुठेतरी लिहिलेले असले पाहिजे.

दुसरा मतभेद नावांच्या अंदाजाचा. प्रशिक्षणार्थीचे म्हणणे होते की कंसातला २ काढून तुलना केली तर मॅक्रो स्वतःच शीट ओळखेल. मी नकार दिला. टोकनच्या शेवटची मोकळी जागा काढल्याने माणूस बदलत नाही, म्हणून ती मॅक्रोने खुशाल काढावी. पण ‘ठे०६’ आणि कंसात २ असलेले ‘ठे०६’ ही दोन्ही शीट वर्कबुकमध्ये असतील, तर एक मागच्या महिन्याचे आणि एक या महिन्याचे असू शकते. त्यातले कोणते घ्यायचे हे माणसानेच ठरवावे.

केलेली कार्यवाही

प्रथम प्रत्येक मॉड्यूलच्या डोक्यावर ‘ऑप्शन एक्सप्लिसिट’, म्हणजे प्रत्येक व्हेरिएबल जाहीर करणे सक्तीचे करणारी ओळ, घातली. लगेच दोन व्हेरिएबलच्या नावांत स्पेलिंगच्या चुका निघाल्या. ही ओळ नसेल तर चुकीच्या स्पेलिंगचे नाव म्हणजे एक नवेच, रिकामे, व्हेरिअंट (कोणतेही मूल्य चालणाऱ्या) प्रकारचे व्हेरिएबल ठरते. ते ‘नथिंग’ नसते, त्यात ऑब्जेक्टच नसतो, आणि त्याला ‘इज नथिंग’ विचारले की एरर ४२४, ‘ऑब्जेक्ट रिक्वायर्ड’, येतो. वर गिळण्याची ओळ असल्यामुळे हाही इतके दिवस ऐकू आला नव्हता.

मग सर्वांत वरचे ‘रिझ्यूम नेक्स्ट’ काढले आणि शीट शोधणारे फंक्शन जोडले. टोकन शोधण्यासाठीही तसेच एक छोटे फंक्शन केले, ज्यात ‘फाइंड’ ला सर्व बाबी दर वेळी स्पष्ट सांगितल्या जातात. दोन्हींच्या पुढे ‘इज नथिंग’ ची तपासणी आणि ‘एल्स’ (नाहीतर) मध्ये नोंद. ‘तपासणी’ नावाच्या नव्या शीटवर प्रत्येक न सापडलेल्या गोष्टीची एक ओळ मराठीत येते: कोणता ठेकेदार, कोणता टोकन, काय सापडले नाही. त्या शीटवर एकही ओळ असेल, तर पगारपत्रक अंतिम करणारे बटण काम करत नाही.

या नोंदी गोळा करण्यासाठी प्रशिक्षणार्थीने एक कलेक्शन, म्हणजे यादी ठेवणारे ऑब्जेक्ट, ‘अ‍ॅज न्यू’ असे जाहीर केले होते आणि ते ‘नथिंग’ आहे का हे पाहून पुढचा निर्णय घेतला होता. ती तपासणी कधीच खरी ठरत नव्हती, कारण ‘अ‍ॅज न्यू’ ने जाहीर केलेले व्हेरिएबल नुसते विचारले तरी त्याच क्षणी नवी वस्तू तयार होते. तिथे ‘न्यू’ वेगळ्या ‘सेट’ च्या ओळीत नेले आणि तपासणी नोंदींच्या संख्येवर केली.

मॅक्रो शेवटी एक तात्पुरते शीट काढून टाकतो. काढल्यानंतरही त्याचे व्हेरिएबल ‘नथिंग’ होत नाही; शीट गेलेले असते, पत्ता शिल्लक असतो, आणि त्याला हात लावला की एरर येतो. बंद केलेल्या वर्कबुकचेही तसेच. म्हणून काढण्याच्या ओळीखालीच त्या व्हेरिएबलला ‘नथिंग’ देण्याची ओळ घातली.

परिणाम

नवा मॅक्रो आधी मागील तीन महिन्यांच्या माहितीवर चालवला. ऑगस्टच्या माहितीत त्याच १९ आणि सप्टेंबरच्या माहितीत त्याच २२ जणांच्या तासांत फरक आला. शिवाय जुलैमध्ये ज्याच्यामुळे मुळात एरर आला होता, त्या नव्या कामगारालाही त्याच्या आधीच्या ओळीतल्या माणसाचे तास लागलेले निघाले. ज्यांना कमी मिळाले होते त्यांना फरक पुढच्या पगारात वेगळ्या चिठ्ठीसह देण्यात आला. ज्यांना जास्त मिळाले होते त्यांच्याकडून एकरकमी कापून घ्यायचे नाही, दिवाळीच्या तोंडावर तर नाहीच, असे मॅडमनी व्यवस्थापनाकडून मंजूर करून घेतले.

ऑक्टोबरच्या पगाराला ‘तपासणी’ शीटवर पाच ओळी आल्या. एक शीटच्या नावाची होती, चार खरोखर नसलेल्या टोकनच्या. काकांनी नाव दुरुस्त केले, दोन ठेकेदारांना फोन करून चार ओळी मागवल्या आणि त्याच संध्याकाळी मॅक्रो पुन्हा चालवला. पगार वेळेत झाला.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या दुरुस्तीच्या वेळी मी तपासणी बरोबर लिहिली गेली का हे पाहिले. ती खोटी कधी ठरू शकते हे पाहिले नाही. एक शीट मुद्दाम दुसऱ्या नावाने ठेवून आणि एक टोकन मुद्दाम काढून मॅक्रो चालवला असता, तर शिळ्या संदर्भाचा दोष दहा मिनिटांत दिसला असता आणि २२ जणांचा पगार चुकला नसता. आता त्या वर्कबुकची एक चाचणीची प्रत आहे, जिच्यात अशी पाच-सहा विघ्ने मुद्दाम पेरलेली आहेत, आणि मॅक्रोला हात लावणाऱ्याने ती चालवून दाखवायची असते.

‘रिझ्यूम नेक्स्ट’ ठेवण्याची तडजोडही टाळता आली असती. लेखा विभागाची भीती खरी होती, पण ती मॅक्रो अर्ध्यात थांबण्याची भीती होती, विसंगती दिसण्याची नव्हे. ‘तपासणी’ शीटची कल्पना सप्टेंबरमध्येच सुचली असती, तर मॅडमनी ती आनंदाने स्वीकारली असती, असे त्यांनीच नंतर सांगितले.

टोकन नंबर ठेकेदाराच्या सांकेतिक क्रमांकासह सबंध कारखान्यात एकमेव असते, तर चुकीच्या शीटमध्ये शोधूनही काही सापडले नसते आणि साध्या ‘इज नथिंग’ ने काम भागले असते. तो बदल मॅक्रोच्या हातात नव्हता. गेटवरची नोंद, ठेकेदारांची मशीन आणि ओळखपत्रे सारे बदलावे लागते. प्रस्ताव दिला आहे, आणि नव्या ठेक्यांच्या वेळी त्याचा विचार करायचे ठरले आहे. तोवर मॅक्रोत आणखी एक तपासणी घातली आहे: टोकन सापडल्यावर त्या ओळीतील नाव मास्टर यादीतील नावाशी जुळते का, हेही पाहिले जाते, आणि जुळले नाही तर तास उचलले जात नाहीत, ‘तपासणी’ वर ओळ जाते. पहिल्या महिन्यात तिच्यामुळे सात ओळी आल्या. त्यांतल्या सहा नावांच्या लेखनातील फरकाच्या होत्या. सातवीत खरोखर दुसरा माणूस होता.